विद्यार्थ्याचे दप्तर

मराठी भाषेत 'दप्तर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाठीवर घेऊन मूल शाळेत जाते, ते दप्तर. आणि कचेरीच्या कपाटात रुमालांत बांधून ठेवलेले असते, तेही दप्तरच. फारसीतून आलेला हा शब्द मराठीने दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने वापरला. तथापि या दोन दप्तरांत एक मोठा भेद आहे. पहिले दप्तर विद्यार्थ्याच्या मालकीचे असते. ते त्याने केव्हाही उघडावे. दुसऱ्या दप्तरात त्याची जन्मतारीख, हजेरी, गुण, वर्तणूक, भरलेली व राहिलेली फी असे सारे काही त्याच्याविषयीच लिहिलेले असते. परंतु ते उघडण्याचा अधिकार शतकानुशतके दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती राहिला. अलीकडे महाविद्यालयांचे जे संगणकीय पोर्टल विद्यार्थी घरबसल्या उघडतो, त्याचा इतिहास यंत्रांचा आहे असे सामान्यतः समजले जाते. वास्तविक तो या दुसऱ्या दप्तराच्या कुलुपाचा इतिहास आहे.

दप्तर ज्याच्या ताब्यात त्याचा शब्द खरा, हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या स्वाधीन झाले. पुढे इनाम कमिशनने कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरविण्यासाठी त्याच दप्तराचा आधार घेतला. घराण्यांचे भवितव्य ज्या कागदांवर अवलंबून होते, ते कागद सरकारच्या कुलुपात होते. इतिहासाच्या अभ्यासकांनाही हे दप्तर दीर्घकाळ मोकळेपणाने पाहावयास मिळाले नाही. अखेर बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे ते काम आले, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. दप्तर तेच होते, कागदही तेच होते; कुलूप निघाले एवढाच फरक झाला, आणि तेवढ्याने मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण लागले.

विद्यापीठांचे दप्तर याच काळात आकारास येत होते. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. प्रारंभी ही विद्यापीठे शिकवीत नसत. ती परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. त्यामुळे विद्यार्थ्याची नोंद पहिल्या दिवसापासूनच दोन ठिकाणी विभागली गेली. प्रवेश, हजेरी आणि वर्तणूक महाविद्यालयाच्या वहीत. परीक्षा, गुण आणि पदवी विद्यापीठाच्या वहीत. 'मॅट्रिक्युलेशन' हा शब्दच मुळी 'मॅट्रिक्युला', म्हणजे नावांची यादी, या लॅटिन शब्दावरून आला आहे. मॅट्रिक होणे म्हणजे यादीत नाव चढणे. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. च्या यादीत १८६२ साली पहिली चार नावे चढली: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चार नावांना एक पान पुरले. पुढे हजारो नावे झाली, तेव्हा कपाटे, कारकून, अर्जाचे नमुने आणि खिडक्या आल्या.

यादीत नाव चढविण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते न चढविण्याचीही सत्ता असते. बंगालमधील चंद्रमुखी बसू यांची हकीकत या दृष्टीने विसरण्यासारखी नाही. १८७६ साली डेहराडूनच्या एका ख्रिस्ती शाळेतून त्या कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस बसल्या. परीक्षकांच्या मते त्या उत्तीर्ण होण्याच्या पात्रतेच्या ठरल्या. परंतु त्या वेळी स्त्रियांना विद्यापीठाचे दार उघडलेले नसल्यामुळे उत्तीर्णांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. पुढे नियम बदलला. १८८३ साली कादंबिनी गांगुली यांच्यासह त्या पदवीधर झाल्या, आणि पुढे कलकत्त्याच्या बेथून कॉलेजच्या प्रमुखही झाल्या. मात्र १८७६ च्या त्या परीक्षेचे प्रमाणपत्र विद्यापीठाने दिले ते २०१३ साली, म्हणजे एकशे सदतीस वर्षांनी. बीना दास आणि प्रीतिलता वड्डेदार या क्रांतिकारक तरुणींच्या पदव्याही परकीय सत्तेने अडवून ठेवल्या होत्या. बीना दास यांनी ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पदवीदान समारंभातच बंगालचे गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्या कृत्याची शिक्षा न्यायालयाने दिली. परंतु परीक्षेत मिळविलेले यश त्यामुळे नाहीसे होत नव्हते. या दोघींच्या पदव्या विद्यापीठाने २०१२ साली मरणोत्तर दिल्या. तीनही प्रसंगांत विद्येची कसोटी पार पडली होती. अडले ते नोंदीपाशी.

ही झाली इतिहासात नोंदली गेलेली नावे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना मात्र दप्तराची अडचण निराळ्याच प्रकारे सोसावी लागली. त्यांचे महाविद्यालय जागच्या जागी राहिले, आणि त्यावरील विद्यापीठ बदलत गेले. बडोदे कॉलेज १८८१ साली सुरू झाले. त्याच्या विद्यार्थ्यांची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासूनची दप्तरे बडोद्यात; त्यापूर्वीची मुंबईस. बेळगावचे लिंगराज कॉलेज १९३३ सालचे. तेही प्रथम मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, नंतर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी, आणि २०१० साली बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. आजोबांची पदवी मुंबईची, वडिलांची धारवाडची आणि नातवाची बेळगावची, असे एकाच गावातील एका घरात घडू शकते. आणि तिघेही एकाच रस्त्याने कॉलेजास गेलेले असतात.

माळव्यात आणि ग्वाल्हेरीतही हाच क्रम दिसतो. इंदूरच्या होळकर कॉलेजातील व ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजातील विद्यार्थी दीर्घकाळ आग्रा विद्यापीठाच्या पदव्या घेत. १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ झाले. १९६४ साली इंदूरला आणि ग्वाल्हेरला स्वतंत्र विद्यापीठे आली. मराठवाड्याची गोष्ट उलट दिशेची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा परीक्षा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या होत्या. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वीच्या पदवीधरांचे दप्तर हैदराबादेत राहिले. गोव्यात मुक्तीनंतर १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये सुरू झाली, ती मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. गोवा विद्यापीठ १९८५ साली झाले. म्हणजे तेवीस वर्षांतील गोमंतकीय पदवीधरांना मूळ नोंदीसाठी मुंबईकडेच पाहावे लागले.

असा मनुष्य परगावी नोकरीस लागला, किंवा त्याने परदेशी विद्यापीठात अर्ज केला, की त्याला गुणपत्रकाची दुसरी प्रत, स्थलांतर प्रमाणपत्र, नाहीतर पदवीच्या खरेपणाचा दाखला लागे. त्यासाठी रजा काढावयाची, रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरी जावयाचे, बँकेत चलन भरावयाचे आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहावयाचे. साहेब रजेवर असले तर पुन्हा हेलपाटा. प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी, म्हणून ओळखीचा अधिकारी शोधावयाचा. ज्याच्या ओळखी होत्या त्याचे काम होई. ज्याच्या नव्हत्या, त्याची नोकरीची मुदत टळून जाई. यात प्रत्येक वेळी कारकुनाचा दोष असे असे नाही. हजारो वह्यांतून एक ओळ शोधून काढणे हे कष्टाचे काम आहे, आणि अनेक कार्यालयांतील कारकुनांनी ते निष्ठेने केले. दोष व्यवस्थेचा होता. स्वतःची नोंद पाहणे हा विद्यार्थ्याचा हक्क नसून कार्यालयाची कृपा आहे, अशी तिची धारणा होती.

या धारणेला आव्हान मिळाले ते यंत्राकडून नव्हे, तर कायद्याकडून. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहण्याचा आणि ती चुकीची असल्यास दुरुस्ती मागण्याचा हक्क त्याने दिला. मागणी आल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत संस्थेने नोंद दाखविली पाहिजे, असे बंधनही घातले. तेथील महाविद्यालयांनी पुढे जी पोर्टले उभारली, त्यांना हा कायद्याचा पाया आधीच मिळालेला होता.

भारतात मात्र न्यायालयाचे पहिले उत्तर उलट आले. उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय देऊन रद्द ठरविला होता. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि मंडळाचा नियम वैध मानला. परीक्षेची गुप्तता आणि कामाचा उरक यांना त्या वेळी अधिक वजन मिळाले. त्यानंतर २००५ साली माहितीचा अधिकार देणारा कायदा आला. नागरिकाने मागितल्यावर माहिती द्यावी, एवढेच सांगून तो थांबला नाही. सार्वजनिक संस्थांनी आपल्या नोंदी सूचीबद्ध करून ठेवाव्यात आणि शक्य तितक्या संगणकावर आणाव्यात, असेही त्याने बजावले. या कायद्याच्या आधारे ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. परीक्षकाचे नाव मात्र गुप्त राहावे. १९८४ आणि २०११ यांमध्ये सत्तावीस वर्षे गेली. ज्या विद्यार्थ्यांना पहिल्या निर्णयाने परत पाठविले होते, त्यांची मुले एव्हाना परीक्षेस बसू लागली होती.

यंत्राची वाटचाल या कायद्याच्या बरोबरीने चालू होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकावरील नोंदीला कायदेशीर मान्यता दिली. १ जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने 'डिजिलॉकर' सुरू केले. २०१६ साली राष्ट्रीय शैक्षणिक कोठाराच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. विद्यापीठांनी पदव्या व गुणपत्रके त्या कोठारात ठेवावीत आणि विद्यार्थ्याने ती तेथून घ्यावीत, असा तिचा हेतू होता. २०१७ सालच्या नियमदुरुस्तीने डिजिलॉकरमधील कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा ठरला. २०२१ साली श्रेयांक साठविण्याची 'अकॅडेमिक बँक' आली. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत नेता यावेत, ही तिच्यामागील कल्पना. त्याच वर्षी कर्नाटकाने आपल्या विद्यापीठांसाठी व महाविद्यालयांसाठी 'यूयूसीएमएस' नावाचे सामाईक पोर्टल सुरू केले.

या साऱ्याचा अर्थ व्यवहारात असा झाला की, ज्या कामासाठी पूर्वी रात्रीची गाडी धरावी लागे, त्यांतील पुष्कळसे काम मोबाइलवर होऊ लागले. विद्यार्थी आपला क्रमांक व संकेतशब्द घालून पोर्टल उघडतो. त्यात त्याला हजेरी दिसते, फीची पावती मिळते, परीक्षेचा अर्ज भरता येतो, प्रवेशपत्र उतरवून घेता येते आणि अंतर्गत गुण पाहता येतात. हजेरी कमी लागली असेल तर ती वर्षाच्या शेवटी नव्हे, त्याच महिन्यात कळते. नोकरी देणाऱ्यालाही प्रमाणपत्रावरील चौकोनी सांकेतिक चिन्ह मोबाइलपुढे धरून त्याचा खरेपणा तपासता येतो. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी वणवण करण्याचे कारण उरत नाही. बेळगावच्या किंवा मडगावच्या घरातील मुलीला दूरच्या शहरी एकटी पाठवावयाची कशी, या विवंचनेने जो दाखला आणावयाचा राहून जाई, तो आता राहून जाण्याचे कारण नाही. ही सोय लहान नव्हे.

परंतु जुने कुलूप निघाले म्हणून नवे लागणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पोर्टल मनुष्य ओळखत नाही. ते अक्षरे ओळखते. आणि मराठी माणसाच्या नावाची रोमन अक्षरे कधीच एकसारखी नसतात. शाळेने आडनाव आधी लिहिलेले, आधार कार्डावर ते शेवटी. एके ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे केवळ आद्याक्षर. विवाहानंतर स्त्रीचे नाव व आडनाव दोन्ही बदललेले. गोव्यात तर पोर्तुगीज लेखनपद्धतीमुळे एकाच घराण्यात एक भाऊ 'कामत' आणि दुसरा 'कामोतीं' असे कागद निघतात. जुन्या खिडकीवरील कारकून दोन प्रश्न विचारून समजून घेई की, हे दोघे एकाच रक्ताचे आहेत. यंत्र म्हणते, जुळत नाही. ओटीपी जातो तो दहा वर्षांपूर्वी दिलेल्या, कधीच बंद झालेल्या क्रमांकावर. पोर्टलची भाषा बहुधा इंग्रजी, फार तर त्या राज्याची. शेतकरी बापाला किंवा मोलमजुरी करणाऱ्या आईला ती वाचता येत नाही, आणि ती गल्लीतील सायबर कॅफेवाल्याच्या हाती मुलाचा संकेतशब्द विश्वासाने सोपवते. ज्यांच्या पदव्या संगणकापूर्वीच्या आहेत, त्यांच्या ओळी वहीतून यंत्रात उतरल्या नसतील, तर त्यांच्यापुरते पोर्टल म्हणजे रंगविलेले दार.

यंत्राच्या वेगाला तयारीची जोड नसली म्हणजे काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पाहिले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत तेव्हा एकदम लागू करण्यात आली. निकालासाठी राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, हजारो विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश टांगणीस लागले, आणि ऑक्टोबर महिन्यात कुलगुरूंना पद सोडावे लागले. पद्धत मुळात चुकीची होती असे नव्हे. माणसे तयार होण्यापूर्वी यंत्र कामास लावले, ही चूक होती.

आणखी एक धोका याच्या नेमका उलट आहे. पूर्वी विद्यार्थ्याची नोंद त्याला स्वतःलाच पाहता येत नसे. आता ती नको त्यालाही दिसू शकते. जन्मतारीख, जात, उत्पन्न, पत्ता आणि बँकेचा खातेक्रमांक ही सारी माहिती एकाच ठिकाणी जमल्यावर तिचे रक्षण ही संस्थेची नैतिक जबाबदारी ठरते. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने माणसाला आपली माहिती जाणण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केला. विद्यार्थ्याच्या दप्तराच्या दृष्टीने हे तत्त्व मोलाचे आहे. कारण नोंद दिसणे हा अर्धा हक्क, आणि चुकलेली नोंद सुधारून मिळणे हा उरलेला अर्धा.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. दप्तर रुमालात होते, वहीत होते, आता यंत्रात आहे. त्याचा आकार बदलला तरी जुना प्रश्न तोच राहतो: ते कोणासाठी राखले जाते? चंद्रमुखी बसूंचे नाव यादीत चढले नाही, त्याला शाई वा कागद कमी पडला नव्हता. त्याचप्रमाणे एखाद्या विद्यार्थ्याचे नाव पोर्टलवर जुळत नाही, त्याला केवळ यंत्र कारण नसते. ते नाव जुळवून देण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते, हे खरे कारण. म्हणून पोर्टल उघडले तरी खिडकी एकदम बंद करू नये. खिडकीमागे नावाचा इतिहास ऐकून घेणारा एक जाणता मनुष्य असावा. जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी न देता त्यांतील ओळ न् ओळ यंत्रात उतरवावी. आणि सीमेवरच्या मुलांना त्यांच्या भाषेत चार सूचना वाचता याव्यात.

आणि विद्यार्थ्याकडेही काही काम उरतेच. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने पोर्टल उघडावे आणि आपल्या नावाचे एकेक अक्षर, आईवडिलांची नावे, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावी. चूक असेल तर ती तेव्हाच लेखी कळवावी व पोच घ्यावी. तीन वर्षांनी पदवीच्या वेळी ती दुरुस्त करून घेणे दसपट कठीण जाते. आपला संकेतशब्द आपल्यापाशीच ठेवावा. सकाळी दप्तर भरताना एखादे पुस्तक राहिले तर नाही ना, हे लहान मूलही पाहून घेते. या दुसऱ्या दप्तराकडेही मोठेपणी तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. पुष्कळ काळानंतर ते त्याच्या हाती आले आहे.